पौर्णिमेला नळ आला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, कापायचं असेल तर मधनं कुठनं पण कापा पण शेवटचा भाग राहू द्या, तो माझ्या गिऱ्हाइकांसाठी आहे.

मी सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहते, घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, वय ५४. तुमचा पेपर आमच्याकडं सासऱ्यांच्या काळापासून येतो आणि त्यातलं भविष्य आधी मी वाचते मग बाकीच्यांना पेपर मिळतो, हे पहिलंच सांगून टाकते म्हणजे ही बाई ज्योतिषाच्या विरोधात लिहायलीय असं कुणाला वाटायला नको. माझी रास कर्क, तिचा स्वामीच चंद्र, त्यामुळं पौर्णिमेचं काही छापून आलं की मी हातातलं काम ठेवून वाचते.

तर १ मेच्या वैशाखी पौर्णिमेवर तुमच्या महिला पुरवणीत अर्धं पान लेख आला होता. उन्हाळ्याच्या सुरवातीची पौर्णिमा आणि आपलं सेल्फ केअर, असा काहीतरी मथळा. सुरवातीची म्हणे! अहो आमच्याकडं शिमगा झाला की उन्हाळा सुरू होतो, वैशाखात तो पिकून गळायला आलेला असतो. पारा ४२-४३ वर, दुपारी कुत्री सुद्धा गटारीच्या कडेनं पोट टेकून पडलेली, आणि पेपरात सुरवात. तिथंच मला शंका आली की हे कुठल्या तरी थंड देशातलं उचललेलं आहे, जिथं मे महिन्यात लोक स्वेटर काढून ठेवतात.

लेखात काय सांगितलं होतं ते ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. चंद्र वृश्चिक राशीत आहे म्हणून भावना उफाळून येतील. टबमध्ये कोमट पाणी घेऊन त्यात मीठ टाकून अर्धा तास पडून राहा. सुगंधी मेणबत्ती लावा. काचेच्या बरणीत पाणी भरून रात्रभर चांदण्यात ठेवा आणि सकाळी प्या, त्याला मून वॉटर म्हणतात. जे सोडून द्यायचंय ते कागदावर लिहा आणि तो कागद जाळा. आणि हे सगळं करताना खोलीचं दार लावून घ्या, मोबाईल बंद ठेवा, दोन तास कुणाला आत येऊ देऊ नका.

आता आधी राशीचं बोलते कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. साहेब, दाते पंचांग आपल्या सोलापुरातनं निघतं. शंभर वर्षांच्या वर झाली, सगळा महाराष्ट्र त्यावर मुहूर्त काढतो, आणि त्याच गावातल्या घराघरात जाणाऱ्या पेपरात चंद्राची रास चुकीची? त्या रात्री चंद्र तूळ राशीत होता, स्वाती नक्षत्रात, पहाटेपर्यंत स्वातीच. मी पंचांग काढून दोनदा बघितलं. लेकीच्या मोबाईलमध्ये एक ॲप आहे त्यात मात्र वृश्चिक दाखवतंय, मग माझ्या लक्षात आलं काय झालंय ते. तिकडचे लोक राशी सायन मोजतात, म्हणजे ऋतूंच्या हिशोबानं, आपण निरयन, म्हणजे आकाशातल्या ताऱ्यांच्या हिशोबानं, दोन्हीत साधारण २४ अंशांचा फरक आहे, म्हणजे जवळजवळ एक रास. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, ७२ वर्षांत एक अंश एवढा हळू, त्याचा हा साठलेला फरक. तसा दोघांचा हिशोब आपापल्या जागी बरोबर आहे, पण माझी कर्क रास धरायची निरयन आणि चंद्राची रास धरायची सायन असं कसं चालेल, हे म्हणजे छातीचं माप इंचात आणि बाहीचं सेंटिमीटरमध्ये घेऊन ब्लाउज कापण्यासारखं झालं. वर वृश्चिकेत चंद्र नीचेचा, म्हणजे दुबळा असतो, त्यामुळं ज्या बायांनी तेवढं वाचलं त्या दिवसभर आपलं मन नीच झालंय म्हणून काळजी करत बसल्या असतील. माझी जाऊ बसलेली, मला माहितीय.

अजून एक. शरीरात ७० टक्के पाणी असतं, चंद्र समुद्राला भरती आणतो तर आपल्याला कसा सोडेल, असंही त्यात होतं. समुद्राची भरती समुद्र एवढा अफाट पसरलेला आहे म्हणून कळते, हंड्यात नाही कळत आणि आपल्या पोटात पण नाही. शिवाय अमावास्येला पण तेवढीच मोठी भरती येते, मग अमावास्येचं सेल्फ केअर कुठाय? चंद्राच्या ओढीनं उजनी धरणाचं पाणी वर चढत असतं तर आमच्या नळाला ते पाच दिवसांनी कशाला आलं असतं.

नळावरनं आठवलं, खरं सांगायचंय ते त्या रात्रीचं.

शुक्रवार होता, महाराष्ट्र दिनाची आणि बुद्ध पौर्णिमेची सुट्टी एकाच दिवशी आली होती. संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतनं खीर आली, वाटीभर मी खाल्ली, वाटीभर सासूबाईंना दिली. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, त्यांना रात्रपाळी. मला मात्र सुट्टी कसली, १७ मेला अधिक महिना लागतोय, ज्येष्ठ अधिक, १५ जूनपर्यंत, म्हणजे लग्नाचे सगळे मुहूर्त त्याच्या आत, आणि झाडून सगळ्यांना ब्लाउज १५ तारखेच्या आधी पाहिजेत. दिवसभर मशीनवर बसून मान अशी धरली होती की मागं वळून बघायचं तर खुर्चीसकट वळावं लागत होतं. अकरा वाजता मशीन बंद केलं आणि सतरंजी घेऊन गच्चीवर गेले. घरात थांबायची सोयच नसते, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी आग खाली सोडतो, पंखा लावला की ती आग आणखी फिरवतो. अशा खोलीत दार लावून मेणबत्ती लावायची म्हणजे काय ते लेख लिहिणाऱ्या बाईंनी एकदा येऊन करून दाखवावं, मी चहा करते त्यांना.

गच्चीवर चांदणं मात्र असं पडलं होतं की टाकीवरचं कंपनीचं नाव वाचता येत होतं. स्वातीची देवता वायू, आणि त्या रात्री आमच्याकडं एक पान हलत नव्हतं! मी तशीच बसले. लहानपणी वडील विष्णू मिलमध्ये होते, तेव्हा उन्हाळ्यात सगळी चाळच गच्चीवर आणि अंगणात झोपायची, भोंगा झाला की पाळीवाली माणसं उठून अंधारात चप्पल शोधत जायची, त्यांचा पाय कुणाच्या न कुणाच्या अंगावर पडायचाच. तेव्हा याला कुणी सेल्फ केअर म्हणत नव्हतं. पण नंतर माझ्या भाचीनं, ती आयुर्वेदाच्या कॉलेजात आहे, मला सांगितलं की चरकसंहितेत उन्हाळ्याच्या ऋतुचर्येत हेच लिहिलंय, दिवसा थंड जागेत झोपावं आणि रात्री अंगाला चंदन लावून गच्चीवर, चंद्राच्या किरणांनी गार झालेल्या जागी, वाऱ्यात झोपावं. दुपारची झोप एरवी वाईट पण उन्हाळ्यात निरोगी माणसाला पण चालते, असंही आहे म्हणे. बघा, आपल्याच घरात एवढं असताना तुम्ही टब कुठनं आणलात.

आता खोटं कशाला बोलू, लेखातली एक गोष्ट मी केली. ते सोडून द्यायचं लिहायचं. कागद शोधायला खाली कोण जाणार, मापाची वही बरोबर होती कारण एका गिऱ्हाइकाचा गळा किती खोल घ्यायचा ते फोनवर विचारायचं राहिलं होतं, तर त्या वहीच्या एका पानामागं लिहिलं. एक, अर्जंट म्हटलं की हो म्हणायचं. दोन, माझ्या नणंदेनं २००३ साली माझ्या पुरणपोळीला जे नाव ठेवलं ते. तीन मध्ये बराच वेळ पेन धरून बसले आणि काही सुचलं नाही, नाही म्हणजे सुचलं पण लिहिलं नाही. लिहून झाल्यावर छातीवरचं थोडं हलकं झाल्यासारखं वाटलं हे कबूल करते. पण जाळता काही आलं नाही, कारण पानाच्या पुढच्या बाजूला एका नवरीचं माप होतं, छाती ३४, बाही साडेदहा, आणि तिचं लग्न १० तारखेला.

साडेबाराला डोळा लागला असेल. पावणेदोनला खालनं आवाज, नळ आलाय!

पुढचं सोलापूरकरांना सांगायला नको. गच्चीवरनं उतरताना गुडघा धरला, खाली आले तर अख्खी गल्ली बाहेर, कळश्या, हंडे, पिंपं, पाइप, आणि पाणी मात्र करंगळीएवढं, कारण पुढच्या बाजूला ज्यांच्या मोटारी आहेत ते खेचून घेतात. अर्धा तास असंच चाललं, दोन बायांची जुंपली पण, आणि मग लाईट गेली. लाईट गेली म्हणजे मोटारी बंद, मोटारी बंद म्हणजे मागच्या नळांना धो धो पाणी! आणि टॉर्च लावायची पण गरज नाही, वर पौर्णिमा होती. पन्नास-साठ बाया आणि पोरं चांदण्यात पाणी भरतायत, पिंपात चंद्र हलतोय, हंडा बुडवला की तुटतोय आणि परत जुळतोय, कुणीतरी हसतंय, शेजारच्या अक्का तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि त्यांच्या सुना जोरात हसायला लागल्या. मला पण म्हणाल्या, वहिनी, असं चांदणं रोज असलं तर लाईट नसली तरी चालतंय की. वृश्चिकेचा चंद्र भावना उफाळून आणतो म्हणे, आमच्या गल्लीत तूळेच्या चंद्रानं तराजू धरून सगळ्यांना सारखं पाणी वाटलं. गंमत आहे, गांभीर्यानं घेऊ नका.

चार वाजता संपलं. साडेचारला आडवी झाले, सहाला सासूबाईंचा चहा.

भाची म्हणते पौर्णिमेला झोप कमी होते यावर अभ्यास झालाय, स्वित्झर्लंडमध्ये बासल इथं ३३ जणांना लॅबमध्ये झोपवून बघितलं होतं, २०१३ साली ते छापून आलं, पौर्णिमेच्या आसपास साधारण २० मिनिटं झोप कमी निघाली. दुसऱ्या काही अभ्यासांत तसं सापडलं नाही असंही ती म्हणाली. असेल. वीस मिनिटं आम्ही आनंदानं देऊ, त्या रात्री पावणेतीन तास गेले आणि ते चंद्रामुळं नाही.

आणि त्याचा हिशोब दुसऱ्या दिवशी अक्कांनी भरला. अक्का विड्या वळतात, वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त, दिवसाला हजार विड्या हातातनं जातात. रात्री पाणी भरलं, पहाटे सडा-रांगोळी केली, मग सुपात पानं घेऊन पत्र्याखाली बसल्या त्या बसल्याच. दोनच्या सुमारास त्यांच्या सुनेनं हाक मारली म्हणून मी धावले तर अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, अंग घामानं निथळतंय, पायात गोळे, डोळ्यापुढं अंधारी, उलटी आल्यासारखं होतंय. त्यांना आत गार फरशीवर झोपवलं, पाय उशीवर, पोलकं सैल केलं, मानेला, काखेत ओली फडकी ठेवली, आणि घोट घोट साखर-मिठाचं पाणी. हे प्रमाण प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावं, एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, मीठ त्यापेक्षा जास्त नको. तासाभरानं अक्का बोलायला लागल्या. घाम येत होता आणि शुद्धीवर होत्या म्हणून बचावलं, अंग तव्यासारखं तापलं आणि माणूस असंबद्ध बडबडायला लागलं तर घरगुती उपाय करत बसायचं नसतं, घाम येत असला तरी, १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालायचा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही.

मी विचारलं, अक्का सकाळपासनं पाणी किती प्यायलात. म्हणाल्या, चहा घेतला की दोनदा. रात्री दीडशे-दोनशे लिटर पाणी भरलेली बाई, सगळ्या घरासाठी, आणि स्वतः एक तांब्या प्यायलेली नाही. का, तर उठावं लागतं, उठलं की विड्यांची मोजणी मागं पडते. आणि संडासला पाणी जातं. मी काही बोलले नाही कारण माझं पण तेच असतं, गिऱ्हाईक बसलेलं असलं की दोन-दोन तास मी उठत नाही, मशीनच्या टेबलावर तांब्या असतो आणि तो संध्याकाळी तसाच.

म्हणून मला तुमचा लेख आठवून आठवून राग आला. त्यात पाणी होतं, पण टबातलं आणि बरणीतलं, प्यायचं कुठंच नव्हतं. ते बरणीतलं मून वॉटर पण, उघडं ठेवायला सांगितलंय! अहो आम्ही वर्षभर पाणी साठवूनच जगतो, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठवड्यातनं एकदा पिंपं रिकामी करून घासून कोरडी करा म्हणून घरोघर सांगत फिरतात आणि तुम्ही उघड्या बरण्या ठेवायला लावताय. ठेवायचंच असेल तर माठ भरून ठेवा आणि वर झाकण घाला. वैशाखात पाण्यानं भरलेला घट दान द्यायची आपली पद्धत आहे, उदककुंभ म्हणतात, अक्षय्य तृतीयेला सुरू होतं, ते कुणी तरी या उन्हात फिरूनच ठरवलं असणार. आमच्या कोपऱ्यावरच्या पाणपोईचे रांजण एक म्हातारे बाबा रोज भरतात, त्यांची रास काय ते विचारायचं राहिलंय.

मोबाईल बंद ठेवून दार लावून दोन तास, हे मला पटलं बरं का. पण दार लावल्यावर बाहेरचं कोण करणार ते लेखात नव्हतं. टबात पडलेल्या बाईचा नळ कोण भरतंय? ते लिहा ना. आमच्याकडं अक्कांच्या प्रकारानंतर मी घरात सांगून टाकलंय, नळाच्या रात्री पोरगं उठणार, चोवीस वर्षांचा आहे, मोबाईलवर दोन वाजेपर्यंत जागाच असतो. पहिल्या खेपेला, म्हणजे ६ तारखेला, त्यानं निम्मं पाणी जिन्यात सांडलं, भरलं पण. एक ते चार मशीन बंद, चरकसंहितेचा दाखला देऊन झोपते, कुणी बोललं की भाचीचा नंबर देते. सकाळी जवारीची आंबील ताक घालून, दुपारी कैरीचं पन्हं नाहीतर सब्जा. रात्री गच्चीवर काशाच्या वाटीनं तळपायाला खोबरेल तेल घासते, पहिले दोन दिवस स्वतःचे घासले, आता लेक घासते, तिचे मी घासते. डोळ्यांची जळजळ त्यानं कमी होते का हे मला शास्त्रानं सांगता येणार नाही, झोप मात्र लागते. आणि टेबलावरचा तांब्या, त्याला मी टेप बांधून ठेवलीय, बारा वाजेपर्यंत अर्धा झाला पाहिजे. अक्कांकडं पण एक तांब्या दिलाय, त्या म्हणतात वहिनी तुम्ही टीचर झालात.

तुमच्या ज्योतिषाच्या सदराला माझा विरोध नाही हे परत सांगते. चंद्र मनाचा कारक, यावर माझा विश्वास आहे, कशानं आहे विचारू नका. पण पुढच्या वेळेला ते आपल्या गावातलं पंचांग समोर ठेवून लिहा, आणि लिहिणाऱ्या बाईंना म्हणावं दुपारी बारा ते तीन या वेळात एकदा विडी घरकुलातनं नाहीतर एमआयडीसीतनं एक चक्कर मारा आणि मग ठरवा मेणबत्ती सांगायची का माठ.

आता गिऱ्हाइकांसाठी. मे महिन्यात अजून एक पौर्णिमा आहे, रविवारी ३१ तारखेला, अधिक ज्येष्ठाची. धोंड्याच्या महिन्यात लेकी-जावयांना बोलवायचं म्हणून साड्यांवरचे ब्लाउज आत्ताच यायला लागलेत. मी हिशोब घातला, आमचा नळ १ च्या रात्री आला, दर पाच दिवसांनी धरलं तर ६, ११, १६, २१, २६, आणि मग बरोबर ३१. त्या रात्री पोराचं परगावी मित्राच्या घरी काहीतरी आहे म्हणतोय, त्याच्यावर माझा विश्वास नाही. तेव्हा ज्यांचे ब्लाउज माझ्याकडं आहेत त्यांनी ३० तारखेला संध्याकाळी सातच्या आत घेऊन जावेत, १ जूनला मी दुपारपर्यंत झोपणार आहे, दार वाजवलं तरी उघडणार नाही. आणि १० तारखेच्या लग्नाची जी नवरी आहे तिनं बाहीचं माप परत द्यावं, साडेदहावर शाई सांडलीय.

आपली एक वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर